पाटा नंबर सतरा

मालन इंगवलेला पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ती रॉकेलनं हात धूत होती. मालक शिरगावेसाहेब स्वतः शॉपवर आलेले बघून तिला वाटलं, एखादा माल परत आला वाटतं.

"मालनताई, हात पुसा. तुम्हाला मिळालाय."

"काय मिळालंय?"

"अवकाश उद्योग सन्मान. यंदाचा."

"बरं झालं की. अभिनंदन साहेब."

"मला नाही हो, तुम्हाला. तुमचं नाव आहे. मालन यशवंत इंगवले, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर."

मालननं हात पुसले. मग परत पुसले. साहेबांच्या मागं अर्धा शॉप येऊन उभा होता आणि सगळे हसत होते, म्हणून तीपण हसली.

हा सन्मान दरवर्षी बंगळुरूला देतात. रॉकेटवाले, उपग्रहवाले, इंजिनवाले सगळे जमतात. आत्तापर्यंत तो संचालकांना नाहीतर मोठ्या शास्त्रज्ञांना मिळायचा आणि दरवर्षी त्यावरनं रुसवेफुगवे व्हायचे. शेवटी गेल्या वर्षी, २०४२ साली, समितीनं ठरवलं, माणसांनी निवडायचंच नाही. यंत्रानं निवडायचं. त्या यंत्राला कागदोपत्री लांबलचक नाव आहे, पण सगळे त्याला वगळ्या म्हणतात.

वगळ्या काय करतो ते सोपं आहे. एखाद्या मोहिमेची अख्खी नक्कल कॉम्प्युटरात उभी करायची. प्रत्येक नट, प्रत्येक चाचणी, प्रत्येक सही आणि शिक्का. मग त्यातला एक माणूस वगळायचा. त्याच्या जागी चारचौघांसारखा माणूस बसवायचा, फार चांगला नाही, वाईटही नाही. आणि मोहीम दहा हजार वेळा परत चालवून बघायची. किती वेळा फसली, तो त्या माणसाचा आकडा.

बहुतेकांना वगळलं तरी काही होत नाही. ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे. भल्याभल्यांना वगळलं तरी यान आपलं वर जातं आणि खाली येतं. पहिली यादी आली तेव्हा दोन संचालकांनी समितीशी बोलणं सोडलं म्हणे.

शिक्का नंबर सतरा वगळला, तर मोहीम दहा हजारातनं सहा हजार एकशे चाळीस वेळा फसत होती.

ती मोहीम सगळ्यांना आठवत होती. पृथ्वीभोवती फिरणारी इंधनाची टाकी, लोक तिला तरंगता पेट्रोलपंप म्हणायचे. मागच्या वर्षी तिथं सहा माणसं असताना मुख्य व्हॉल्व्ह बंदच होईना. शेजारचा राखीव व्हॉल्व्ह लावला. त्या एका व्हॉल्व्हनं अकरा दिवस टाकी धरून ठेवली. एक थेंब गळला नाही. थोडं जरी गळलं असतं तरी सहाजणांना परत यायला इंधन उरलं नसतं. त्या राखीव व्हॉल्व्हच्या आतली चकती, म्हणजे सीट, २०३५ साली शिरोलीत घासली होती. तिच्या कडेला बारीक शिक्का होता. १७.

* * *

दोन दिवसात चौकात फ्लेक्स लागला. मालनचा आधार कार्डावरचा फोटो, मागं रॉकेट, आणि वर मोठ्या अक्षरात 'आमच्या वहिनी अवकाशात'.

"तू गेलीस कधी अवकाशात?" नवऱ्यानं, यशवंतनं विचारलं. तो शाळेची व्हॅन चालवायचा आणि सकाळपासून त्याला सगळी पोरं हेच विचारत होती.

"तुम्हाला डबा देऊन जाऊन आले."

"फोटो तेवढा चांगला द्यायचा. यात तू व्हॉल्व्ह चोरल्यासारखी दिसतेस."

मालन हसली. तिला हे सगळं आवडत होतं. का नाही आवडणार? दहावी झालेली बाई, अकरा वर्षं एका टेबलाशी उभी. तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. आता तिच्या नावानं हातशाळा निघणार होती. वीस यंत्रहात बसवायचे, त्यांना मालनचा हात शिकवायचा आणि वर देखरेखीला मालन. खुर्ची, टेबल, दारावर पाटी. ते दार कुठल्या बाजूला उघडेल इथपर्यंत तिनं मनात बघून घेतलं होतं.

फक्त एक गोष्ट तिला मधनंमधनं टोचत होती. शिरगाव्यांच्या शॉपमध्ये शिक्का माणसाला नसतो. पाट्याला असतो.

* * *

सीट मशिनवर कापून येते, पण शेवटचा हात माणसाचाच लागतो. बिडाचा एक जाड, गोल पाटा असतो. त्यावर हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट लावायची, सीट उपडी ठेवायची आणि बोटांनी दाबत इंग्रजी आठचा आकडा काढत घासायची. तासन् तास. नाव लॅपिंग, पण बायका पाटाच म्हणायच्या, घरातल्या पाट्या-वरवंट्यासारखा. प्रत्येक पाट्याची झीज वेगळी, स्वभाव वेगळा. सीट ज्या पाट्यावर सुरू झाली त्याच पाट्यावर संपवायची, हा तिथला नियम. सकाळच्या पाळीला उरली तर दुसऱ्या पाळीची बाई पुढं घेणार. म्हणून शिक्का पाट्याचा. खिळ्याला टांगलेला असायचा. जी उभी असेल तिनं मारायचा.

वगळ्याला हे कुठनं माहीत असणार? त्याला कागद दिले होते. कागदावर शिक्का सतराच्या पुढं एकच नाव होतं, कारण रकाना एकच होता.

आणि २०३५ साली पाटा सतरावर दोघी होत्या. सकाळी मालन. दुपारी तीननंतर निलव्वा पट्टणशेट्टी, गडहिंग्लजची, मालनपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. सगळे तिला निलाक्का म्हणायचे.

निलाक्का डावखुरी होती. रोज सकाळी मालन आली की पाटा डावीकडं ओढलेला असायचा. म्हणजे डोळ्याला दिसायचं नाही, पण सीट ठेवली की बोटाला कळायचं, डाव्या अंगाला घसरतेय. तास-दीड तास ते निस्तरण्यात जायचा. मालननं भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायला सुरुवात केली. 'पाटा डावीकडं ओढू नये.' मग 'पुन्हा ओढलाय.' मग एक दिवस ती साहेबांकडं गेली आणि म्हणाली, आक्का पाटा खराब करते, मला रोज पहिल्यापासनं सुरुवात करावी लागते.

मार्च २०३६ मध्ये साहेबांनी निलाक्काला पॅकिंगला बसवलं. दोन महिन्यांनी तिनं काम सोडलं. जाताना ती सगळ्यांशी बोलली, मालनशी नाही.

* * *

पुण्याहून ईशा देवस्थळी आली. तिशीची, वगळ्या चालवणाऱ्यांपैकी एक. तिच्याकडं जाळीचा हातमोजा होता. तो घालून मालननं सीट घासायची, कुठल्या बोटानं कुठं किती दाब दिला ते सगळं नोंदलं जाणार, आणि तेच यंत्रहातांना शिकवायचं.

तीन दिवस मालन घासत होती. झालेली सीट पिवळ्या दिव्याखाली ठेवून वर सपाट काच ठेवायची. काच आणि सीटच्या मधल्या हवेमुळं काळे-पिवळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ, तर सीट सपाट. पट्टा जेवढा वाकला तेवढी खोट. एक पट्टा वाकणं म्हणजे मिलिमीटरचे साडेतीन हजार भाग केले तर त्यातला एक. दोन पट्टे चालतात. पंपावरची ती सीट अर्ध्या पट्ट्याची होती.

"दोन," ईशा म्हणाली. "परत दोनच."

"दोन चालतात की."

"चालतात. पण दोन पट्टे कुणीही काढतं, ताई." मग तिलाच ते जास्त झाल्यासारखं वाटलं. "म्हणजे, रागावू नका. मी तुम्हाला काहीतरी दाखवते."

तिनं स्क्रीनवर रेघ दाखवली. शिक्का सतराची सगळी वर्षं. "इथपर्यंत बघा. साडेतीन वर्षं, एकही सीट अर्ध्या पट्ट्याच्या वर नाही. असं मी जगात कुठं बघितलेलं नाही. आणि मग इथं, मार्च २०३६. एकदम दोन पट्टे. तेव्हापासून आजपर्यंत दोनच. तेव्हा आजारी होतात का? हाताला काही झालं होतं?"

"वय झालं असेल."

"एका महिन्यात?"

ईशानं मोठी काच मागवली आणि सीटऐवजी पाटाच तपासला. तो उजव्या अंगाला खोल होता. अगदी किंचित, पण होता.

"हे बघा," ईशा म्हणाली. "उजव्या हाताचा माणूस आठचा आकडा काढताना उजव्या वळणावर जास्त दाबतो. त्याला ते कळतपण नाही. रोज पाटा तिथं थोडा झिजतो, आणि पाट्याची खोट सीटमध्ये उतरते. तीन महिन्यांनी तुम्ही पाटा सपाट करून आणता, पण थोडी झीज राहूनच जाते, आणि दुसऱ्या दिवसापासनं परत तेच."

"आणि डावखुऱ्या माणसानं घासलं तर?"

"तर डावीकडं झिजेल."

मालननं पेस्टची डबी बंद केली. उघडली. परत बंद केली. "आणि दोघांनी घासलं तर? सकाळी एकानं, दुपारी दुसऱ्यानं?"

ईशानं पाट्यावर बोटानं आठ काढला, मग उलट्या बाजूनं. "मग एकाची झीज दुसरा खोडत जाईल. दोघांनाही वाटेल, समोरचा वाट लावतोय. आणि पाटा मात्र सपाट राहील. फारच सपाट." ती हसली. "पण असं मुद्दाम कोण करणार?"

"कोण नाही," मालन म्हणाली. "असंच विचारलं."

* * *

संध्याकाळी तिनं यशवंतला सगळं सांगितलं. तो व्हॅनच्या काचा पुसत होता. पुसायचा थांबला नाही.

"म्हणजे ती वाट लावत नव्हती," तो म्हणाला.

"नीट करत होती. आणि मी तिची झीज नीट करत होते. साडेतीन वर्षं. आणि मीच तिला काढायला लावलं."

"काढलं साहेबानं."

"सांगितलं मी."

यशवंतनं फडकं पिळलं. "सोहळा रविवारी. आज बुधवार. तू नाही बोललीस तर कुणाला कळणार आहे?"

मालननं यावर दुपारपासनं विचार केला होता, त्यामुळं उत्तर तयार होतं. "त्या वीस हातांना कळणार. वीसच्या वीस उजवे. माझ्यासारखे. वीस पाटे उजवीकडं ओढणार, दोन पट्ट्यांच्या सीटा काढणार आणि वर लिहिलेलं असणार, सन्मानप्राप्त हात. त्या भरवशावर कोणीतरी वर जाऊन बसणार."

यशवंतनं फडकं आरशावर टाकलं. "खुर्ची जाईल."

"जाईल."

"दारावरची पाटीपण."

"तुम्हाला पाटीचं कुणी सांगितलं?"

"तू झोपेत बोलतेस," यशवंत म्हणाला. "गडहिंग्लजची पहिली गाडी सहाला आहे. स्टँडवर सोडतो."

* * *

निलाक्काचं घर शोधायला वेळ लागला नाही. तिनं मिरची कांडप टाकलं होतं आणि वास दोन गल्ल्या आधीच आला. मालन दारात उभी राहून चार वेळा शिंकली. आत निलाक्का डाव्या हातानं डंकाखालची चटणी सारत होती. एकसष्ट वर्षांची, नाकाला फडकं बांधलेली.

"चटणी उद्या मिळंल," ती मागं न बघता म्हणाली. मग तिनं बघितलं. मशिन बंद केलं. फडकं खाली ओढलं. "फोटोपेक्षा बरी दिसतीस."

"फोटो इथवर आला?"

"माझ्या सुनेच्या मोबाइलात आला. आमच्या वहिनी अवकाशात." निलाक्कानं स्टूल पुढं सारलं. "बस. पाणी पितीस का? का अवकाशातलं काय वेगळं असतंय?"

मालन बसली. पाणी प्यायली. मग तिनं सांगितलं. घोळ न घालता, पहिल्यापासनं. वगळ्या, अर्धा पट्टा, मार्चची रेघ, पाटा उजवीकडं खोल. निलाक्का ऐकत होती आणि डाव्या अंगठ्यानं बोटांची टोकं चोळत होती. पाट्यावर काम केलेली बाई ही सवय सोडत नाही. मालनलापण होती.

"मलापण वाटायचं, तू वाट लावतीस," निलाक्का म्हणाली. "रोज तीन वाजता आलं की पाटा उजवीकडं. तुझ्या नावानं बोटं मोडत तास घालवायची."

"मग तूपण सांगायचंस साहेबांना."

"मी नाही सांगितलं."

बाहेर कोणीतरी मिरचीचं पोतं टेकवून गेलं.

"चुकलं माझं, आक्का."

"चुकलं की." निलाक्का शांतपणे म्हणाली. "पॅकिंगला मी दोन महिने खोक्याला चिकटपट्ट्या लावल्या. तीस वर्षं घासलेल्या हातानं. पोरी विचारायच्या, आक्का, खरंच पाटा खराब केलास? काय सांगायचं?"

"आता सांगू. मी सांगते. ती पुण्याची मॅडम तुझा हात नोंदवून घेईल. तू ये फक्त."

"कशाला? तुला माफ करायला का हात द्यायला?"

मालननं खरं ते सांगितलं. "हात दे. माफीचं तुझं तू बघ."

निलाक्का पहिल्यांदा हसली, एवढंसंच. "तू फळ्यावर लिहिलं होतंस. सगळ्यांनी वाचलं. आता पुसायचं तेपण सगळ्यांनी बघायला पाहिजे. आधी ते कर. मग निरोप दे." तिनं परत फडकं नाकावर ओढलं आणि मशिनच्या बटनाला हात घातला. "आणि सकाळी मी येणार नाही. माझी पाळी दुसरी."

* * *

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मालन पाटा सतरापाशी उभी राहिली आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. शिरगावेसाहेब होते, ईशा होती, शॉपमधले चाळीसएक लोक होते, बरेचजण डबा हातात घेऊन. तिला भाषण येत नव्हतं. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'निलाक्कानं पाटा कधीच खराब केला नव्हता. माझी चूक.' खाली सही केली. मग वळून कारण सांगितलं.

शिरगावेसाहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, "मालनताई, सोमवारी सांगितलं असतं तरी चाललं असतं हो. रविवार तेवढा जाऊ द्यायचा."

"सोमवारी मला झालं नसतं साहेब. गळ्यात हार पडल्यावर माणसाला बोलायला जड जातं."

ईशा तोवर लॅपटॉप उघडून बसली होती. तिनं शिक्का सतराचे दोन तुकडे केले, एक उजवा आणि एक डावा, आणि वगळ्या परत चालवला. मालनला वगळलं, मोहीम साडेसहा हजार वेळा फसली. निलाक्काला वगळलं, तेव्हाही जवळपास तेवढीच. ईशानं तो आकडा तीन वेळा काढून बघितला आणि समितीला फोन लावला. ती बराच वेळ बोलत होती, फेऱ्या मारत. येताना तिचा चेहरा उतरला होता.

"नियमात एकच नाव बसतं म्हणाले. दोन नावं आली की नोंदच सदोष धरतात. यंदाचा सन्मान यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढच्या वर्षी नियम बदलतील, मी भांडणार आहे. पण यंदा..."

"कोण आहे पुढचा?" मालननं विचारलं.

"बंगळुरूचा एकजण. यानाच्या उष्णतेचं गणित लिहिलं त्यानं. आकडा अकराशे."

"चांगला माणूस असेल," मालन म्हणाली. तिला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलंच वाटलं वाईट. डबा उघडायचा राहून गेला तो राहूनच गेला.

* * *

रविवारी सोहळा झाला. तिनं तो बघितला नाही. यशवंतनं चौकातला फ्लेक्स उतरवून आणला आणि शेजारच्या पाटलांच्या गोठ्यावर टाकला, कारण त्यांचं छप्पर गळत होतं. आता म्हशीच्या डोक्यावर रॉकेट होतं आणि मालन उलटी दिसत होती. "फोटो असाच बरा वाटतोय," यशवंत म्हणाला.

हातशाळेचं काम थांबलं नाही, फक्त आराखडा बदलला. वीस यंत्रहातांपैकी दहा उजवे, दहा डावे, आणि प्रत्येक पाट्यावर दोघांची पाळी. यंत्रांनापण पाळ्या लागल्या म्हणून शॉपमध्ये दोन दिवस हसणं चाललं. देखरेखीच्या खुर्चीचं काही ठरलं नव्हतं. साहेब म्हणाले, बघू.

मंगळवारी दुपारी तीन वाजता निलाक्का आली. मालनची पाळी सुटून गेली होती. दोघींची गाठ पडली नाही, आणि ते दोघींनाही बरं वाटलं असावं. ईशानं जाळीचा मोजा डाव्या हातासाठी उलटा करून आणला होता. निलाक्का आठ वाजेपर्यंत घासत होती.

बुधवारी सकाळी मालन आली, पेस्ट लावली, सीट ठेवली आणि तिच्या बोटांना कळलं. डावीकडं घसरतेय.

"परत ओढलाय," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, सवयीनं. मग थांबली.

फळ्यावर तिची शुक्रवारची ओळ कुणी पुसली नव्हती. तिच्याखाली खडूनं, डावीकडं झुकलेल्या अक्षरात एक नवी ओळ होती. 'पाटा लई उजवीकडं गेला होता. सात वर्षांचं एका दिवसात होत नाही. उद्या परत येते.'

मालननं खडू उचलला आणि परत ठेवून दिला. ती पाट्याशी उभी राहिली आणि आठचा आकडा काढायला लागली. साडेअकराला तिनं सीट पिवळ्या दिव्याखाली नेली, वर काच ठेवली आणि वाकून बघितलं.

दीड पट्टा.

तिनं सीट पुसली आणि तशीच, शिक्का न मारता, पाट्याच्या कडेला ठेवून दिली. दुसऱ्या पाळीसाठी.